गाडी चाकांवर उभी करा, मगच शेवटचा नट आवळा

व्यापारी व कारागीर बांधवांनो, आपल्या धंद्यात दुकानाला जेवढे महत्त्व आहे तेवढेच आज गाडीला आले आहे. आजऱ्यातील कापड व्यापाऱ्याचा माल आजऱ्यात तयार होत नाही. तो इचलकरंजीच्या मागांवरून येतो, चादरी सोलापुराहून येतात, आणि विक्रीसाठी हाच माल उत्तूर, नेसरी, गडहिंग्लज, चंदगड अशा बाजारांच्या वाटेला लागतो. काही जण आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीपर्यंत जातात. काजूचे व्यापारी, घनसाळ तांदळाचे व्यापारी, फर्निचर करणारे कारागीर यांचेही असेच आहे. या सर्वांचा माल ज्या गाडीत जातो तिच्या चाकांना आणि सांगाड्याला जोडणारे जे भाग असतात त्यांना सस्पेन्शन म्हणतात. त्या भागांची दुरुस्ती हा आजच्या लेखाचा विषय आहे.

कापडाच्या व्यापाऱ्याने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. गॅरेजचे बिल आपण भरतो, पण बिलात लिहिलेले काम कसे झाले हे आपल्याला कळत नाही. शिवाय आपल्यापैकी अनेक जण, विशेषतः तरुण मुले, किरकोळ दुरुस्ती घरच्या अंगणातच करतात. त्यात चूक काही नाही, पैसा वाचतो आणि गाडीची ओळखही होते. मात्र सस्पेन्शनच्या कामात एक नियम असा आहे की तो पाळला नाही तर नवा भाग घालूनही पैसा वाया जातो, आणि कधी कधी जीवही धोक्यात येतो. नियम असा: रबरी बुशमधून जाणारा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडीचे वजन चाकांवर आल्यावर. गाडी जॅकवर उचललेली आणि चाक अधांतरी लोंबकळत असताना तो आवळू नये. हा नियम का आहे आणि तो घरी कसा पाळावा, हे आता क्रमाने पाहू.

सस्पेन्शनमध्ये काय काय असते

आपल्या भागातील छोट्या गाड्या साधारण दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या प्रकारात वजन पाट्यांवर असते. टाटा एस ही २००५ साली बाजारात आलेली छोटी मालगाडी पुढे-मागे पाट्यांवर चालते. मारुती ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, पण तिच्या अनेक गाड्या अजून रस्त्यावर आहेत. तिला पुढे स्प्रिंगचा खांब आणि मागे पाटे आहेत. दुसऱ्या प्रकारात पुढे-मागे गोल स्प्रिंगा असतात. पुढच्या चाकाला जो खांब असतो, ज्यात शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकत्र बसवलेले असतात, त्याला स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४० च्या दशकात ही रचना केली, म्हणून तिला त्याचे नाव आहे. मारुती ८०० आपल्याकडे १९८३ मध्ये आली, तेव्हापासून ही रचना आपल्या मिस्त्रींच्या नेहमीच्या हाताखालची झाली.

वजन तोलण्याचे काम स्प्रिंग किंवा पाटा करतो. स्प्रिंग दबली की ती पुन्हा पुन्हा उसळते, ती उसळी थांबवण्याचे काम शॉकअ‍ॅब्सॉर्बर करतो. चाक पुढे-मागे, आत-बाहेर सरकू नये म्हणून खाली एक लोखंडी हात असतो, त्याला लोअर आर्म म्हणतात. त्याचे बाहेरचे टोक बॉल जॉइंटने चाकाकडे जोडलेले असते आणि आतले टोक रबरी बुशने सांगाड्याला जोडलेले असते. वळणावर गाडी एका बाजूला फार कलू नये म्हणून आडवी सळई असते, तिच्या टोकांना लिंक रॉड असतात. एवढी नावे लक्षात ठेवली तरी पुढचे समजेल.

रबरी बुश काम कसे करतो

बुश म्हणजे दोन नळ्यांच्या मध्ये चिकटवलेले रबर. बाहेरची नळी आर्मच्या भोकात दाबून बसवलेली असते. आतल्या नळीतून बोल्ट जातो, आणि बोल्ट आवळला की आतली नळी सांगाड्याच्या दोन पट्ट्यांमध्ये घट्ट धरली जाते. ती नंतर फिरत नाही. बाहेरची नळीही आर्ममध्ये फिरत नाही. मग चाक वर-खाली होताना आर्म हलतो कसा? मधले रबर पिळले जाते म्हणून. खड्ड्यात चाक गेले की रबर एका दिशेला पिळते, उंचवट्यावर चढले की दुसऱ्या दिशेला. दोन्ही बाजूंना थोडे थोडे पिळणे हेच त्याचे काम, आणि त्यासाठीच ते बनवलेले असते.

आता पाहा. गाडी जॅकवर असताना चाक खाली लोंबते, म्हणजे आर्मही खाली झुकलेला असतो. त्या स्थितीत बोल्ट पूर्ण आवळला तर आतली नळी त्याच कोनात पक्की होते. गाडी खाली उतरवली की आर्म वर येतो आणि रबर उभ्या गाडीतच पिळले जाते. गाडी रात्रभर अंगणात उभी असली तरी त्याला विश्रांती नाही. त्यावर माल भरला की पीळ वाढतो, आणि आंबोलीच्या वाटेवर खड्डा लागला की आणखी वाढतो. असे रबर ठरलेल्या आयुष्यापूर्वीच फाटते. कधी पिळलेले रबर गाडीला थोडे वर उचलून धरते, त्यामुळे एक बाजू उंच दिसते आणि गिऱ्हाईक नव्या स्प्रिंगला दोष देते. कधी करकर आवाज येतो.

कापड व्यापारी आणि शिंपी बांधवांना हे चटकन समजेल. अस्तर ताणून धरून शिवले आणि मग हात सोडला, तर शिवण चुण्या धरते आणि कपडा कायम ओढलेला राहतो. अस्तरात खोट नसते आणि धाग्यातही नसते, कापड चुकीच्या स्थितीत जोडले गेलेले असते. म्हणून चांगला शिंपी कापड मेजावर सैल पसरतो आणि मग टीप घालतो. बुशचेही तसेच. ज्या स्थितीत त्याला आयुष्य काढायचे आहे त्या स्थितीतच त्याला पक्के करायचे.

माझ्या गाडीचे लोअर आर्मचे बुश एका गॅरेजात बदलले होते. चांगल्या नावाचा माल होता, मजुरीही पूर्ण दिली होती. पावसाळा संपण्यापूर्वीच दोन्ही बुश फाटले. दुकानदाराकडे माल परत नेला तेव्हा त्याने फाटलेले रबर दाखवून सांगितले की हे एकाच दिशेला पिळून फाटले आहे, गाडी वर असतानाच बोल्ट आवळलेला दिसतो. दुसरी जोडी गाडी जमिनीवर ठेवून बसवून घेतली, आणि ती अजून चालू आहे. कंपनी तीच, रस्ता तोच, गाडी तीच, फरक फक्त आवळण्याच्या वेळेचा.

जुन्या उस्तादांची सवय

येथे जुन्या उस्तादांवर अन्याय होऊ नये. त्यांचा तजुर्बा खोटा नव्हता. जुन्या ट्रकना आणि जीपना पाट्याच्या टोकाला धातूचे बुश आणि पिन असत, आणि त्यात ग्रीस भरण्याची सोय असे. धातूचा बुश पिनवर मोकळा फिरतो, त्याला पीळ बसत नाही. त्यामुळे गाडी वर असताना आवळला काय किंवा खाली असताना आवळला काय, फरक पडत नव्हता. ग्रीस वेळेवर भरले की झाले. पुढे रबराचे बुश आले, ग्रीसची कटकट गेली, पण आवळण्याची पद्धत बदलावी लागली. ज्याने हात जुन्या गाडीवर घडवला त्याला हा फरक कोणी समजावून सांगितला नसेल तर त्याची सवय तीच राहते. शिकाऊ मुलगा उस्तादाचे पाहून शिकतो, म्हणून सवय पुढेही चालते. उस्तादाचा मान ठेवून ही एक गोष्ट सांगावी, जाणता कारागीर ती लगेच मान्य करतो.

घरी काय करावे, काय करू नये

घरी करण्याजोगी कामे ही: लिंक रॉड बदलणे, मागचे सुटे शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलणे, पूर्ण लोअर आर्म बदलणे, यू-बोल्ट तपासून आवळणे. नवा लोअर आर्म बुशसकट मिळतो, तो घेतल्यास बुश दाबून बसवण्याचा त्रास राहत नाही. नुसता बुश बदलायचा असेल तर तो काढण्या-घालण्यास प्रेस लागतो. हातोड्याने ठोकून बसवलेला बुश तिरका जातो, म्हणून आर्म सोडवून प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये न्यावा.

घरी मुळीच करू नये असे काम म्हणजे स्ट्रटवरची गोल स्प्रिंग काढणे. स्ट्रटच्या माथ्यावर मधोमध जो एकच नट असतो तो दाबलेल्या स्प्रिंगला धरून ठेवतो. स्प्रिंग योग्य साधनाने आवळून धरल्याशिवाय तो नट सोडला तर स्प्रिंग उसळून माणूस जागीच जाऊ शकतो. त्या नटाला पाना लावू नये. स्ट्रट पूर्ण काढून गॅरेजात न्यावा आणि तेथे स्प्रिंग बदलून घ्यावी. तसेच ज्या नव्या गाड्यांत बोल्ट ठरावीक जोराने आवळून वर ठरावीक अंश फिरवायचा असतो आणि बोल्ट एकदाच वापरायचा असतो, ते कामही जाणकाराकडे सोपवावे.

शॉकअ‍ॅब्सॉर्बर, स्ट्रट आणि स्प्रिंग नेहमी जोडीने बदलावेत, म्हणजे पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही. एक नवा आणि एक जुना ठेवला तर ब्रेक मारताना आणि वळणावर गाडी एका बाजूला ओढते.

तयारी: जमीन, जॅक आणि टेप

आपल्याकडची जमीन तांबडी, पावसाळ्यात मऊ. अशा जमिनीत जॅकचा पाया रुततो आणि गाडी कलते. म्हणून काम सिमेंटच्या अंगणात किंवा सपाट फरशीवर करावे. तशी जागा नसेल तर जॅकखाली आणि स्टँडखाली जाड, रुंद फळी घालावी. उतारावर काम करू नये.

गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता आहे. तेलाचा जॅकही हळूहळू खाली बसू शकतो. म्हणून गाडी उचलली की तिच्या सांगाड्याखाली, कंपनीने नेमून दिलेल्या जागी, लोखंडी स्टँड लावावेत आणि वजन स्टँडवर घ्यावे. आपल्याकडे अनेक जण स्टँडऐवजी जांभ्याचा चिरा किंवा विटांची रास लावतात. हे फार धोक्याचे आहे. भिंतीत चिरा सर्व बाजूंनी पसरलेले वजन घेतो, पण गाडीच्या लोखंडी कडेचे वजन एका टोकावर आले की चिरा पूर्वसूचना न देता फुटतो. वीटही तशीच फुटते. स्टँडची जोडी एका चांगल्या चादरींच्या गठ्ठ्यापेक्षा महाग नसते, आणि ती घरातल्या दोन पिढ्यांना पुरते. स्टँड नसेल तर काम सुरूच करू नये.

हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी, आणि जी चाके जमिनीवर राहणार त्यांना पुढून व मागून लाकडाचे ठोकळे लावावेत. मागची चाके उचलायची असतील तर हँडब्रेकचा उपयोग होत नाही, कारण बहुतेक गाड्यांत तो मागच्या चाकांवरच असतो. तेव्हा सर्व भरवसा ठोकळ्यांवर असतो. सोबत एक माणूस असावा.

आता या कामाची खास तयारी. गाडी उचलण्यापूर्वी, ती रिकामी आणि सपाट जागेवर उभी असताना, दुकानातील टेप घ्यावी. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे आणि चारही चाकांचे आकडे कागदावर लिहून ठेवावेत. हे अंतर म्हणजे गाडीची उभी राहण्याची खरी उंची. पुढे बोल्ट आवळताना हाच आकडा कामी येतो. जुने स्प्रिंग किंवा पाटे बसके झालेले असतील आणि तेही बदलणार असाल तर हा आकडा बदलेल, अशा वेळी गाडी जमिनीवर आणूनच आवळावे.

खोलणे आणि बसवणे

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत, मग गाडी उचलून स्टँडवर घ्यावी आणि चाक काढावे. काढलेले चाक सांगाड्याखाली आडवे सरकवून ठेवावे. दुर्दैवाने गाडी घसरली तर ते चाक माणसाला वाचवते.

गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री गंज सैल करणारे तेल टाकून ठेवावे. पान्याला नळी लावून झटके देण्यापेक्षा सावकाश जोर द्यावा. ब्रेकचे कॅलिपर सोडवावे लागले तर ते तारेने स्प्रिंगला बांधावे, त्याच्या रबरी नळीवर लोंबत ठेवू नये. नळी आतून फाटली तर बाहेरून दिसत नाही.

नवा आर्म बसवताना बॉल जॉइंटचा निमुळता दांडा आणि त्याचे भोक कोरड्या फडक्याने स्वच्छ करावे, तेथे तेल किंवा ग्रीस लावू नये. नट बसताना दांडाच फिरू लागला तर खालून जॅकचा हलका दाब द्यावा, दांडा भोकात धरतो. ज्या नटाला खाचा असतात आणि त्यातून पिन जाते, तो ठरलेल्या जोरापर्यंत आवळावा, आणि पिनचे भोक जुळत नसेल तर पुढच्या खाचेपर्यंत थोडा आणखी आवळावा. भोक जुळवण्यासाठी नट मागे फिरवू नये. पिन नेहमी नवी घालावी.

बाकीचे सर्व बोल्ट प्रथम हाताने घालून आटे नीट धरले आहेत हे पाहावे. सुरुवातीपासून पान्याने जबरदस्ती केली तर आटे मोडतात. रबरी बुशचे बोल्ट या वेळी फक्त टेकेपर्यंत आवळावेत, पट्ट्यांमध्ये बुश हलू शकेल इतके सैल ठेवून.

आवळण्याचा क्रम

या कामात बोल्टचे दोन गट करावेत. पहिला गट म्हणजे जे बोल्ट रबरी बुशच्या आतल्या नळीतून जात नाहीत: स्ट्रटचे सांगाड्याला धरणारे वरचे नट (मधला सोडून), स्ट्रटचे खालचे दोन बोल्ट, बॉल जॉइंटचा नट, स्टिअरिंगच्या टाय रॉडचा नट, कॅलिपरचे बोल्ट. हे गाडी स्टँडवर असतानाच पूर्ण आवळावेत.

दुसरा गट म्हणजे जे रबरी बुशमधून जातात: लोअर आर्मचे आतले बोल्ट, पाट्याच्या पुढच्या टोकाचा बोल्ट, पाट्याच्या मागच्या टोकाच्या शॅकलचे नट, शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या रबरी डोळ्याचा बोल्ट, मागच्या अ‍ॅक्सलला धरणाऱ्या रॉडचे बोल्ट, आडव्या सळईचे क्लॅम्प. हे सर्व वजन चाकांवर आल्यावर आवळावेत.

वजन चाकांवर आणण्याच्या तीन रीती आहेत. पहिली रीत, चाके लावून गाडी खाली उतरवावी, पुढचा-मागचा भाग दोन-चार वेळा दाबून सोडावा, गाडी हाताने हातभर पुढे-मागे ढकलावी म्हणजे चाके आपल्या जागी बसतात, आणि मग बाजूने पाना घालून आवळावे. पाना पोचत असेल तर ही रीत सर्वांत चांगली. दुसरी रीत, पाना पोचत नसेल तर चारही चाकांखाली सारख्या उंचीच्या जाड, रुंद फळ्या घालून गाडी त्यांवर उभी करावी आणि चाकांना ठोकळे लावावेत. सर्व चाके सारखी उंच असली पाहिजेत, नाहीतर वजन एका बाजूला जाते. गॅरेजात खड्डा असेल तर प्रश्नच नाही. तिसरी रीत, सांगाडा स्टँडवर ठेवून आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली, बॉल जॉइंटजवळ, जॅक लावावा आणि सावकाश उचलत आधी लिहून ठेवलेले चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचे अंतर येईपर्यंत वर न्यावे. अंतर जुळले की बोल्ट आवळावा. अंतर जुळण्यापूर्वीच गाडी स्टँडवरून उठू लागली तर तेथेच थांबावे आणि पहिल्या किंवा दुसऱ्या रीतीने काम करावे. या तिसऱ्या रीतीत गाडीखाली अंग घालू नये, फक्त हात बाजूने जावा.

किती जोराने आवळावे

बोल्ट घट्ट म्हणजे किती घट्ट, याचा हिशेब आहे. पान्याची लांबी गुणिले हाताचा जोर म्हणजे आवळण्याचा जोर. अर्धा मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला २० किलोचा जोर दिला तर तो १० किलोग्रॅम-मीटर होतो, म्हणजे सुमारे ९८ न्यूटन-मीटर. प्रत्येक बोल्टचा आकडा कंपनीच्या सर्व्हिसच्या पुस्तकात दिलेला असतो आणि तोच खरा मानावा. तरी अंदाज यावा म्हणून सांगतो: डोक्यावर ८.८ असा अंक असलेला १० मिलिमीटर जाडीचा पोलादी बोल्ट कोरड्या आट्यांवर साधारण ५० न्यूटन-मीटर, आणि १२ मिलिमीटरचा साधारण ८५ न्यूटन-मीटर घेतो. जाडी फक्त दोन मिलिमीटरने वाढली आणि जोर दीडपटीहून जास्त झाला, हे ध्यानात घ्यावे. म्हणून सर्व बोल्टना एकाच अंदाजाने जोर देणे चुकीचे. आट्यांवर तेल असेल तर तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून पुस्तकात सांगितले नसेल तर तेल लावू नये.

टॉर्क पाना असेल तर उत्तम. नसेल तर आपल्या दुकानातला ताणकाटा काम देतो. पान्याला घट्ट बसणारी नळी लावावी, बोल्टच्या मध्यापासून बरोबर ५० सेंटिमीटरवर खूण करावी, तेथे ताणकाट्याचा आकडा अडकवावा आणि पान्याशी काटकोनात सावकाश ओढावे. काटा १७ किलो दाखवील तेव्हा जोर साडेआठ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारे ८३ न्यूटन-मीटर झाला. १० किलोला सुमारे ४९ न्यूटन-मीटर. ओढ तिरकी झाली तर हिशेब चुकतो. एक हात पान्याच्या डोक्यावर धरावा म्हणजे तो निसटत नाही.

बोल्टच्या डोक्यावरील अंक सहज पाहून सोडून देऊ नये. ८.८ म्हणजे तो बोल्ट प्रत्येक चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताण सोसून तुटतो आणि त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत ताणला तरी पुन्हा मूळ लांबीवर येतो. बाजारात साधा, अंक नसलेला बोल्ट स्वस्त मिळतो. तो फाटकाला चालेल, सस्पेन्शनला नाही. बोल्ट हरवला तर त्याच अंकाचा, त्याच लांबीचा आणि त्याच आट्यांचा आणावा. नायलॉनची कडी असलेला नट एकदा काढला की नवाच घालावा.

पाट्यांच्या गाड्यांसाठी

पाटे अ‍ॅक्सलला दोन-दोन यू-बोल्टनी बांधलेले असतात. पाट्यांच्या मधोमध एक सेंटर बोल्ट असतो. अनेकांना वाटते की सेंटर बोल्टच अ‍ॅक्सल धरतो. तसे नाही. अ‍ॅक्सल धरतो तो यू-बोल्टचा आवळ, सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवतो. यू-बोल्ट सैल झाले की सारा धक्का सेंटर बोल्टवर येतो आणि तो तुटतो. मग अ‍ॅक्सल सरकतो, गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते, आणि भरल्या गाडीत घाटात हे झाले तर सावरणे कठीण असते.

यू-बोल्ट आवळताना चारही नट थोडे थोडे, आलटून-पालटून समोरासमोर आवळावेत, म्हणजे पाटा सरळ बसतो. नवे पाटे किंवा नवे यू-बोल्ट बसवल्यावर पहिल्या भरलेल्या फेरीनंतर ते पुन्हा तपासून आवळावेत, कारण पाटे एकमेकांवर बसतात आणि आवळ कमी होतो. शॅकलचे आणि पाट्याच्या टोकाचे रबरी बुश मात्र वर सांगितल्याप्रमाणे गाडी चाकांवर असतानाच आवळावेत.

काम झाल्यावर

चाकाचे नट समोरासमोर आवळावेत आणि शेवटचा जोर गाडी जमिनीवर असताना द्यावा. ब्रेक तीन-चार वेळा दाबून पेडल घट्ट आहे हे पाहावे. पहिली फेरी रिकाम्या गाडीने, गावातच आणि हळू काढावी. खडखड, स्टिअरिंग एका बाजूला ओढणे, ब्रेक मारताना टकटक असे काही जाणवले तर थांबून पुन्हा पाहावे. ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट आणि नवे बोल्ट एकदा तपासावेत. बोल्ट आवळल्यावर त्याच्या डोक्यापासून पट्टीपर्यंत रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरला हे लांबूनही कळते.

स्ट्रट, लोअर आर्म किंवा टाय रॉड काढला असेल तर व्हील अलाइनमेंट करून घेणे आवश्यक आहे. ते घरी होत नाही. चाक जरा तिरके राहिले तर नवे टायर काही हजार किलोमीटरमध्ये एका कडेने झिजते, आणि बुशमध्ये वाचवलेले पैसे टायरमध्ये जातात.

हिशेबाची बाजू

समजा, लोअर आर्मच्या कामाला माल व मजुरी मिळून २,००० रुपये लागले आणि ते काम चार वर्षे टिकले, तर वर्षाला ५०० रुपये पडले. तेच काम सहा महिन्यांत बिघडले तर वर्षाला ४,००० पडले, शिवाय गाडी बंद राहून बाजार बुडाला तो वेगळा. फरक फक्त शेवटचे चार बोल्ट कधी आवळले याचा. गॅरेज चालवणाऱ्या बांधवांनी हा हिशेब गिऱ्हाईकाला समजावून सांगावा आणि बिलावर लिहावे की बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर ठेवून आवळले आहेत. अर्ध्या तासाचे हे काम गॅरेजचे नाव राखते. गिऱ्हाईकानेही त्या अर्ध्या तासाची मजुरी देताना घासाघीस करू नये. गाडी उचललेली असतानाच हवेच्या बंदुकीने सर्व बोल्ट एका दमात आवळले जात असतील तर नम्रपणे थांबवावे आणि कारण सांगावे.

ज्या मुलांना या कामाची आवड आहे त्यांनी फक्त गॅरेजात हात काळे करून थांबू नये. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. त्यात मोजमाप, बोल्टचे प्रकार आणि सर्व्हिसचे पुस्तक वाचणे शिकवतात. उस्तादाचा हात आणि पुस्तकाचा आकडा दोन्ही ज्याच्याकडे आहेत तो कारागीर कोठेही उपाशी राहत नाही. कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर अशाच हातांवर उभे राहिले.

मालवाहू गाडीला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे योग्यता प्रमाणपत्र लागते, आणि धोकादायक स्थितीतील गाडी रस्त्यावर चालवणे हा त्याच कायद्याने गुन्हा आहे. परंतु तपासणी ठरलेल्या मुदतीनेच होते, आणि घाट आपण दर आठवड्याला चढतो-उतरतो. त्या गाडीत आपल्या मालाबरोबर आपला चालक असतो, लग्नकार्याला घरची लेकरे असतात, आणि समोरून येणाऱ्या गाडीत दुसऱ्याचे कुटुंब असते. ज्याने पाना हाती घेतला त्याच्यावर या सर्वांची जिम्मेदारी आली. म्हणून पुढच्या वेळी गाडी उचलण्यापूर्वी टेप काढा, चार आकडे लिहा, बोल्ट टेकवून ठेवा, गाडी चाकांवर उभी करा, आणि मगच शेवटचा नट आवळा.